खुर्चीचा रविवार

ती खुर्ची पुसायचं काम सुमनआत्या कोणाला देत नसे. मोलकरणीला नाही, संहिताला नाही, आणि विक्रांतला तर नाहीच नाही. बहात्तर वर्षांची बाई, उजवा गुडघा बदललेला, तरी जानेवारीतल्या त्या एका रविवारी ती सकाळी सहाला उठून तेलाचं बोट घेऊन खुर्चीचे हात, पाय, पाठ घासत बसे. रामबागेतलं घर विकलं तेव्हा काय कमी तमाशे झाले होते? झुंबर कोणी न्यायचं, हंडे कोणी न्यायचे, देवघरातली समई कोणाची! खुर्चीवर मात्र एकानेही हक्क सांगितला नाही. सांगणार कसा? घरातल्या माणसाने त्या खुर्चीत बसायचंच नाही, असा अप्पासाहेबांचा दंडकच होता.

अप्पासाहेब म्हणजे सुमनआत्याचे वडील. नवव्या वर्षी पोरके होऊन इंदूरला आले आणि वारावर जेवून शिकले. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. गुरुवारचं घर मोठं होतं, पण तिथे पंगत उठेपर्यंत चपलांपाशी उभं राहून पाढे म्हणून दाखवावे लागत, मग ताट मिळे. पुढे होळकर दरबारच्या शिक्षण खात्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारात त्यांनी ही शिसवी खुर्ची केली. नियम असा: ज्या मुलाला आपण शिकवतो, त्याने वर्षातून एकदा या खुर्चीत बसायचं, आपण सगळ्यांनी खाली सतरंजीवर. मग त्याने आपल्याला येत नाही असं काहीतरी शिकवायचं. पाया पडायचं नाही, आभार मानायचे नाहीत. शेवटी घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसाने सांगायचं, कळलं की नाही कळलं. नाही म्हटलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

आता खरं सांगायचं तर ‘नाही कळलं’ असं त्या घरात कोणी कधी म्हटल्याचं सुमनआत्याला आठवत नव्हतं. आपण इंदूरची मराठी माणसं भारी सभ्य हो! समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काय वाटेल ते कळून घेतो. त्यातून स्वयंपाकघरात दाल आणि कणकेचे भाजलेले बाफले तयार, तुपाचा वास सुटलेला. ‘कळलं, कळलं, छान!’ की टाळ्या, की पंगत.

“सुमे, एकशे एकसष्ट!” बाहेरच्या खोलीतून अच्युतदादांनी आवाज दिला.

अच्युतदादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, विद्युत मंडळातून रिटायर झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दिवाणावर पायावर पाय टाकून, स्वेटरच्या बाहीवरच बीपीचा पट्टा बांधून बसले होते. डाव्या हातात पेपर, उजवा हात दिवाणावरून खाली लोंबता. सकाळचा चहा, पेपर आणि बीपी ही तिन्ही कामं ते एकदमच उरकत, आणि चौथं काम म्हणजे बहिणीशी भांडण.

“काल एकशे अठ्ठावन्न होतं. तुझ्यामुळे वाढून राहिलंय,” ते म्हणाले.

“माझ्यामुळे? तो अग्रलेख मोठ्याने वाचायला मी सांगितलं का?”

“डॉक्टरला पाठवतो आकडा. बघ, परत गोळी वाढवतील.” ते मोबाइल घ्यायला उठले आणि उठता उठता भिंतीला हात टेकून थांबले.

“परत चक्कर?”

“काही नाही गं. जरा अंधारी आली.”

जरा! मागच्याच महिन्यात बेसिनपाशी धाडकन पडले होते, कपाळाला तीन टाके. दिवाळीपासून दोनदा गोळी वाढवली, तरी आकडा खाली येईना आणि चक्कर थांबेना. सुमनआत्याचा जीव रात्रंदिवस त्या कपाळात अडकलेला असे, पण तोंडाने बोलेल तर शपथ.

तेवढ्यात विक्रांत आला. अच्युतदादांचा मुलगा, सुपर कॉरिडॉरवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. मुलांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या घरच्या ट्रस्टचं काम बापाने यंदापासून त्याच्याकडे दिलं होतं. मागे त्याची बायको संहिता तळायच्या गराडूच्या कंदांची पिशवी घेऊन, आणि तिच्या मागे चौदा वर्षांची शमिका, कानात काहीतरी खुपसून. विक्रांतने बसायच्या आधी लॅपटॉप टीव्हीला जोडला.

“आत्या, यंदा जरा सिस्टिमॅटिक करू. आधी प्रेझेंटेशन. प्रत्येक स्टुडंटचा ग्राफ. मग खुर्ची, दोन-दोन मिनिटं, फोटोपुरती.”

“फोटोपुरती?”

“मतलब, सिम्बॉलिक. पोरं पण बोअर होतात यार.” त्याने पुढची स्लाइड काढली. पडद्यावर तीन खांब उभे राहिले. सोनल, सांवेर, अकरावी: अठ्ठ्याऐंशी टक्के. निखिल, गौतमपुरा, पॉलिटेक्निक: एक्क्याऐंशी. तिसरा खांब बुटका आणि लाल. लक्ष्मी, मानपुर, बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष: सत्तावन्न. खांबांवरून एक रेघ आडवी गेली होती, पासष्टवर.

“ही रेघ कसली?” सुमनआत्याने विचारलं.

“कट-ऑफ. पासष्टच्या खाली गेलं तर पुढच्या वर्षी मदत बंद. बघ आत्या, आपल्याकडे तीन जागा आणि अर्ज चौदा. सत्तावन्नवालीला ठेवायचं आणि नव्वदवाल्याला नाही म्हणायचं, हे कुठलं न्याय्य? मी वाईट माणूस नाहीये.”

तो वाईट नव्हताच. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी सुमनआत्याने दोन मिनिटांत निपटारा केला असता.

“ती हिंदी मीडियमची पोर आहे, विक्रांत. आली तेव्हा इंग्रजीत एक ओळ लिहिता येत नव्हती तिला. आज सगळेच्या सगळे पेपर इंग्रजीत लिहून सत्तावन्न आणले. त्या पंक्चरच्या दुकानातून उठून आलेल्या मुलीने! खांब कुठून उभा राहिला ते नाही का मोजायचं?”

“ते ग्राफमध्ये कसं दाखवू?”

“नको दाखवूस. डोळ्यांनी बघ.”

“दादा, तुम्ही बोला काहीतरी,” सुमनआत्या भावाकडे वळली.

अच्युतदादांनी चष्मा काढून पुसला. “सुमे, काम आता त्याच्याकडे दिलंय ना? मग त्याला करू दे. मधे मधे करायचं तर दिलं कशाला?”

झालं! बापलेक एका बाजूला. संहिताकडे बघितलं तर ती गराडू सोलण्यात गर्क. सुमनआत्या तडक स्वयंपाकघरात गेली आणि बाफले एवढ्या जोराने दाबू लागली की दोन फुटलेच.

मदत बंद म्हणजे काय ते तिला नीट माहीत होतं. मदत गेली की वसतिगृह गेलं. वसतिगृह गेलं की मानपुर. सकाळी सहाच्या वॉर्ड ड्यूटीला मानपुरहून कोणती बस पोचवणार होती? लक्ष्मीचं तिसरं वर्ष सुरूच झालं नसतं. बापाचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान, आई शेजारच्या ढाब्यावर रोट्या लाटते, आणि त्या दोघांच्या सात पिढ्यांत बारावीच्या पुढे गेलेली ही एकटी.

आणि अजून एक गोष्ट तिच्या मनाला डाचत होती. मागच्या वर्षी याच रविवारी लक्ष्मी खुर्चीत बसून काहीतरी शिकवून गेली होती. बीपी कसं मोजायचं ते. डाळ थंड होत होती, दादांना भूक लागली होती, शमिकाने ‘कळलं’ म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना फाटकापाशी लक्ष्मी हळूच म्हणाली होती, “आजी, आपको समझ में नहीं आया था न?” आणि सुमनआत्याने, छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईने, हसून तिच्या हातात लाडवांचा डबा ठेवला होता. झालं, विषय संपला!

साडेदहाला मुलं आली, आणि विक्रांतचं प्रेझेंटेशन सुरू व्हायच्या आत सुमनआत्याने त्यांना पाळीपाळीने खुर्चीत बसवायला सुरुवात केली. निखिलने लिफ्ट मधेच का लटकते आणि पडत का नाही ते सांगितलं. सोनल ओल्या पेपरात गुंडाळून शेतातून उपटलेलं हरभऱ्याचं रोप घेऊन आली होती. आईबाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, त्याच शेतातलं. तिने मुळांवरच्या गाठी दाखवल्या, एक गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी!

“ईऽऽ, हे रक्त आहे?” शमिकाने कानातलं काढलं.

“रक्तासारखंच आहे थोडं,” सोनल म्हणाली. तिची मराठी सुमनआत्यानेच घासूनपुसून घेतलेली. “यात जिवाणू राहतात. हवेतलं खत पकडून रोपाला देतात. म्हणून चण्यानंतर गेहूं चांगला येतो. बाऊजींना माहीत होतं की येतो. का येतो ते मी सांगितलं.”

सुमनआत्याचे डोळे भरून आले. शिकलेल्या पोरीने बापाला त्याच्याच शेतातलं गूज सांगितलं, यापरतं काय हवं होतं अप्पासाहेबांना?

“कळलं!” शमिका म्हणाली. टाळ्या झाल्या. आणि लक्ष्मीची पाळी यायच्या आत विक्रांतने टीव्ही लावला.

तो नीटच बोलला. कोणाचा पाणउतारा केला नाही. पण खांब तर सगळ्यांना दिसत होते. सोनलने मान खाली घातली. लक्ष्मी सतरंजीच्या कडेला बसली होती, बाहीचं टोक मुठीत धरून. काळीसावळी, ठेंगणी, केसांना चापूनचोपून तेल. पडद्यावरच्या लाल खांबाकडे तिने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली नाही. वरची पासष्टची रेघही तिने वाचली.

“तर लक्ष्मी, तू वाईट वाटून नको घेऊ,” विक्रांत म्हणाला. “हे वर्ष झालंच. पुढचं बघू कुठून काही जमतं का. खुर्चीत बसायचं टेन्शन नको घेऊ तू, आपण जेवायला बसू.”

सुमनआत्या बोलायला म्हणून उठू लागली. पण ज्या तोंडातून उत्तर निघावं असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्या तोंडातून निघालं.

“खुर्ची टक्क्यांवर नाही मिळत, विक्रांत,” संहिता म्हणाली. ओल्या हातानेच दारात उभी होती. “ज्याला आपण शिकवलं, त्याची ती. या वर्षी शिकवलं ना आपण तिला?”

“अगं, मी तिच्या सोयीसाठीच...”

“तिला विचारलंस का, तिची सोय कशात आहे?”

अच्युतदादा खाकरले. “बसू दे रे तिला,” ते म्हणाले. एका वाक्यात माणूस अर्धा या बाजूला सरकला.

लक्ष्मी उठली. खुर्चीत बसली, अगदी कडेवर, जणू कोणी उठवील. मग काय मनात आलं कोण जाणे, मागे सरकून पाठ टेकली.

“मी नवीन काही नाही आणलं,” ती म्हणाली. मराठी-हिंदीची तिची आपली खिचडी होती. “मागच्या साल जो सिखाया था, वही. सगळ्यांनी कळलं म्हटलं होतं. तो आज मैं पूछूंगी. दादाजी का बीपी कौन नापेगा?”

खुर्चीतून परीक्षा? असं तर कधी झालं नव्हतं! सुमनआत्याने पदर तोंडाला लावला.

विक्रांत हसला. “मी घेतो ना. मशीन मीच आणलंय.” इंजिनिअर माणूस, त्याला काय कठीण? दिवाणावर पायावर पाय टाकून बसलेल्या बापाच्या स्वेटरवरच त्याने पट्टा आवळला, बटण दाबलं आणि विचारलं, “बाबा, सकाळी किती होतं?” “एकशे एकसष्ट. अरे, ते तुमच्या टाउनशिपच्या पाण्याचं काय झालं?” “टँकर येऊन राहिलेत, बाबा.” मशीन गुरगुरलं. एकशे बावन्न.

“बघ, थोडं कमीच आलं,” विक्रांत म्हणाला.

लक्ष्मी खुर्चीतून उतरली. हसली नाही, चिडली नाही. सुमनआत्या तिच्याकडे बघतच राहिली. ही मुठीत बाही धरून बसलेली पोर नव्हती. ही वॉर्डातली बाई होती.

“दादाजी, पहले बाथरूम हो आओ. फिर स्वेटर उतारो.”

“थंडी आहे गं!”

“पाच मिनिट की बात है.”

अच्युतदादा, ज्यांनी सख्ख्या बायकोचंही कधी ऐकलं नाही, उठले, जाऊन आले, स्वेटर काढून बसले. तिने त्यांना सरळ पाठीच्या जेवणाच्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवायला लावले, टेबलावर दोन उशा रचून उघडा दंड छातीच्या बरोबरीने टेकवला. पट्टा बांधला, पण बटण दाबलं नाही.

“अब पाच मिनिट कोणी बोलायचं नाही.”

आता या घरात पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही म्हणजे काय चेष्टा आहे! अप्पासाहेब गेले तेव्हाही एवढी शांतता झाली नव्हती. पहिल्या मिनिटाला अच्युतदादांनी तोंड उघडलं, लक्ष्मीने नुसतं बोट वर केलं, ते मिटलं. दुसऱ्या मिनिटाला विक्रांतचा फोन वाजला, संहिताने तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तिसऱ्या मिनिटाला सुमनआत्याला कळलं की भावाच्या दम्यासारख्या श्वासाचा आवाज हळूहळू खाली येतोय. कितीतरी वर्षांत तिने त्यांच्याजवळ न भांडता बसून बघितलं नव्हतं. कपाळावरच्या टाक्यांची खूण आता फिकी झाली होती.

लक्ष्मीने बटण दाबलं. पट्टा फुगला, थांबला, उतरला.

एकशे अठ्ठावीस.

“बिघडलं वाटतं,” विक्रांत पुढे झाला.

“दो मिनिट रुको.” तिने पुन्हा घेतलं. एकशे सव्वीस. “अब दादाजी, धीरे से खडे हो जाओ. मेरा हाथ पकडो.” एक मिनिट त्यांना उभं ठेवून तिने परत बटण दाबलं. अच्युतदादांचा चेहरा उतरला, त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला. मशीनवर एकशे चार आलं होतं.

“चक्कर येते?”

“येते.”

“रोज उठल्यावर?”

“रोज,” अच्युतदादा म्हणाले, आणि ज्या गोष्टी त्यांनी बहिणीला, मुलाला, डॉक्टरलाही धड सांगितल्या नव्हत्या, त्या या मुलीला सांगितल्या. की सकाळी पलंगाच्या कडेला दहा मिनिटं बसावं लागतं. की आंघोळीला आता भीती वाटते. की त्या दिवशी बेसिनपाशी पाय घसरला असं सांगितलं, पण घसरला नव्हता.

लक्ष्मीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. “गोळी कधी वाढवली?”

“दिवाळीत. मग डिसेंबरात.”

“आणि डॉक्टरांकडे आकडा कोण पाठवतं?”

सगळे त्या लोंबत्या हाताने, स्वेटरवरून, अग्रलेख वाचत घेतलेले आकडे आठवत होते. डॉक्टर बिचारे काय करणार? त्यांच्याकडे जे गेलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

“गोळी मैं नहीं बताऊंगी,” लक्ष्मी ठामपणे म्हणाली. “वो मेरा काम नहीं है. पण डॉक्टरांना आत्ता फोन करा. बसून एकशे सव्वीस, उभं राहून एकशे चार, चक्कर येते, और एक बार गिरे हैं. बस, इतना बोलो.”

विक्रांतने स्वयंपाकघरातून फोन आणला. बाल्कनीत जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. “संध्याकाळची गोळी आज द्यायची नाही म्हणाले. उद्या सकाळी मशीन घेऊन बोलावलंय.” त्याने फोन खिशात टाकला. “विचारत होते, उभं करून कोणी घेतलं. मी सांगितलं, आमची लक्ष्मी.”

आमची! सुमनआत्याने ते ऐकलं, आणि संहितानेही ऐकलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“चला,” अच्युतदादा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “रिवाज पुरा करा. शमू, सांग. कळलं का?”

शमिका सतरंजीवर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. तिने लक्ष्मीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं.

“नाही कळलं,” ती म्हणाली.

विक्रांत दचकलाच. “शमू!”

“नाही कळलं, तर नाही कळलं! हात खाली असला तर आकडा का वाढतो? हात तर तोच आहे ना? रक्त पण तेच. मागच्या वर्षी पण नव्हतं कळलं. मी असंच बोलून टाकलं होतं.”

लक्ष्मीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते सुमनआत्या जन्मात विसरणार नाही. दोन वर्षं ही मुलगी या घरात येत होती, तिला लाडू दिले, स्वेटर दिले, पाठीवरून हात फिरवले. पण जे हवं होतं ते आज मिळालं. कोणीतरी तिला खरंखुरं विचारलं.

ती परत खुर्चीत बसली. “तुमच्या बिल्डिंगमध्ये टाकी कुठे आहे?”

“गच्चीवर.”

“चौथ्या माळ्याच्या नळाला जोर जास्ती, की खालच्या?”

“खालच्या. वरच्या आंटी नेहमी बोंबलतात, शॉवरच चालत नाही म्हणून.”

“टंकी तर तीच. पाणी तेच. खालच्या नळावर ऊपर के पानी का वजन ज्यादा. तसंच हात. हात खाली लटकला की तो तळमजल्याचा नळ. वर धरला की चौथा माळा. आपल्याला नापायचा आहे टंकी के बराबर का नळ. म्हणून छातीच्या बरोबरीने.”

“ओऽऽऽ!” शमिका म्हणाली. आणि तो ‘ओ’ एकटीचा नव्हता. विद्युत मंडळातले अच्युतदादा, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली सुमनआत्या, सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघाला.

विक्रांत अजून उभाच होता. त्याने टीव्हीकडे बघितलं, तिथे खांब तसेच होते आणि रेघही तशीच. त्याने रिमोट उचलला आणि पडदा बंद केला.

“पासष्टची रेघ,” अच्युतदादा बारीक आवाजात म्हणाले, “आज आपल्या घरातलं कोण पार करून गेलं रे?”

“कोणीच नाही, बाबा.”

“मी तर शून्यावर आहे. तू दोन नंबर जास्ती घे, मशीन तू आणलंस.”

संहिताला हसू आवरेना. मग विक्रांतलाही आलं. तो सतरंजीवर खाली बसला, मुलीच्या शेजारी, खुर्चीकडे तोंड करून. मोठा झाल्यापासून तो या रविवारी कधी खाली बसला नव्हता. कधी फोटो काढायला उभा, कधी पंगतीची घाई करायला.

“लक्ष्मी, ते पाय सपाट का ठेवायचे, ते मला नाही कळलं,” तो म्हणाला. “परत सांग. आणि तिसऱ्या वर्षाचं वसतिगृह सोडायचं नाही. अर्ज चौदा आहेत, तर चौथी जागा कशी करायची ते मी बघतो. रेघ ओढणं सोपं काम होतं, म्हणून मी ते केलं. चुकलं माझं.”

लक्ष्मीने डोळे पुसले नाहीत, कारण तेवढ्यात तिला पायांचं सांगायचं होतं. डाळ पार गार झाली. त्या दिवशी पंगत अडीचला बसली, आणि कोणी म्हणून कुरकुरलं नाही.

साडेचारला सुमनआत्या तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. हातात लाडवांचा डबा होताच.

“दर रविवारी दुपारी यायचं,” ती म्हणाली. “इंग्रजीत उत्तरं कशी लिहायची ते मी बघते. तुझ्या डोक्यात आहे ते कागदावर का येत नाही, बघूच आपण.”

“आऊंगी, आजी.” लक्ष्मीने बॅग खांद्यावर घेतली. दोन पावलं गेली, मग वळली. डोळ्यांत मागच्या वर्षीचाच प्रश्न होता, पण विचारायचा धीर होत नव्हता.

सुमनआत्याने डबा पुढे केला नाही. छत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे म्हणणं किती जड जातं ते तिचं तिलाच माहीत.

“एक गोष्ट नाही कळली गं,” ती म्हणाली. “वरचा आकडा कळला. मशीनवर खाली दुसरा येतो ना, तो कशाचा? मी इतकी वर्षं नुसता वाचतेय.”

लक्ष्मीने रस्त्याकडे बघितलं. उद्या सुट्टी म्हणून ती घरी निघाली होती; मानपुरची बस साडेपाचला होती, आणि गंगवाल बसस्टँडपर्यंत पोचायचं होतं. मग तिने बॅग खांद्यावरून उतरवली आणि फाटकाजवळच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली.

“बाद वाली से चली जाऊंगी,” ती म्हणाली. “बैठो आजी.”

सुमनआत्या तिच्याहून एक पायरी खाली, कठड्याला धरून गुडघा सांभाळत हळूच बसली, आणि मान वर करून ऐकू लागली.